मांडीवरची गिटार

ती. दादास,
रागातच, पण वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. पण तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. "पन्नाशीत स्टील गिटार? म्हातारचळ लागला का?" म्हणे! वर वहिनीच्या माहेरीही सांगून मोकळा झालास!

आमच्या वर्गातल्या नर्सबाई सत्तरीत शिकायला लागल्या. त्यांची दहा वर्षांची नात शेजारीच बसते आणि तीच जास्त चुकते. मास्तर कुणाचं वय विचारत नाहीत. लहानपणी तू तुझ्या गिटारीला मला हात लावू द्यायचा नाहीस. म्हणायचास, "तू अजून लहान आहेस." मग माझं वय होतं तरी कधी रे?

आईचे गुडघे कसे आहेत?

पुढचं तिला वाचून दाखवू नकोस. कारखान्यात हाताला जरासं खरचटलं, असं लिहिलं होतं ना? डाव्या हाताची दोन बोटं गेली. साध्या गिटारीच्या तारा दाबायला सगळी बोटं लागतात. ही मांडीवर आडवी ठेवतात आणि तारांवरून पोलादी कांडी फिरवतात. कांडी धरायला उरलेली बोटं पुरतात.

आता हस.

तुझाच,
धाकटा