देवाकडे वळलेला शंख

गुरुवार, संध्याकाळ

साबण झाला, राखेनंही घासले, तरी हातांचा वास जात नाही.

धाकटा दीर लक्षद्वीप फिरून आला, किनाऱ्यावरचा शंख घेऊन. तिथून न्यायला बंदी आहे, म्हणून मोज्यात लपवून! सासूबाईंनी देवघरात मांडला, हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या सकाळी शंख बाळकृष्णाकडे वळलेला. गल्लीतल्या बाया पाया पडायला आल्या. मीही पडले. वळला कसा, एवढं का नाही विचारलं मी?

आज वास सुटला. उंदीर मेला असेल म्हणून घर पालथं घातलं, शेवटी शंखच उलटा केला. आतून मेलेला खेकडा ओघळला. म्हणजे तो पाणी शोधत फिरला, आणि आम्ही अगरबत्त्या लावल्या. शी!

दिराला दाखवलं, तर हसला. "वहिनी, काऊन तोंड वाकडं करून राहिल्या? धुऊन टाका."

"सगळेच असे उचलून राहिले तर त्या बेटावर उरंल काय?"

"ते बेट तसंही बुडूनच राहिलं ना, मंग सोडाचं कायले?"

सासूबाईंनी शंख धुऊन पुन्हा देवापुढे ठेवला. वास फक्त माझ्याच हातांना येतो, म्हणाल्या.