जहाज की डोंगर

३ मार्च
— आणि ताईचं काय जातंय? परत तेच! म्हणे आईबाबांना जमिनीवरच पाठव, डोंगरावर छोटी घरं भाड्याने मिळतात, आठ दिवस पडून राहतील. अगं, पडून राहायला आपलं घर काय वाईट आहे? मी जहाजावर नोकरीला, म्हणून आईबापाला निम्म्या पैशात सफर. लक्ष्मी टिळा लावायला आलीये आणि ही म्हणते, तोंड धुऊन येते!

५ मार्च
बाबांचा फोन. तीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. पाया नसलेल्या इमारतीत झोपणार नाही म्हणाले. मी पोहण्याच्या तलावाचं कौतुक सांगितलं. तर म्हणे, समुद्रात तलाव खणणारा शहाणा कोण? आता यांना काय सांगायचं.
तलाव मी तरी कुठे पाहिलाय! तलावावरचे टॉवेल पाहिलेत. रोज नऊशे.

६ मार्च
आईने विचारलं, जहाजावर पोटात ढवळतं का रे? कुणालाच नाही, म्हणालो.
आज चादरी दुप्पट आल्या. रात्री समुद्र कसा होता ते आम्हा लाँड्रीवाल्यांना चादरीच सांगतात. असो. एवढं खोटं चालतं.

९ मार्च
जिंकलो! आई हो म्हणाली. म्हणजे बाबाही हो, त्यांना फक्त अजून कळायचंय. ताई म्हणाली, तू आणि तुझं ते जहाज, मिरव आता. मिरवणारच. दोन वर्षं झाली आईला बघून. सकाळी वर डेकवर तिघं खुर्च्या टाकून बसू. चहा मी आणीन. बाबा म्हणतील पांचट आहे.

१० मार्च
फॉर्म भरायला मुकादमाकडे गेलो. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून तो भरून देतो. आईबाबांची नावं लिहिली, मग थांबून म्हणाला, पाहुण्यांच्या मजल्यावर आपण दिसलो तर नोकरी जाते, माहीत आहे ना? म्हटलं, डेकचं राहू दे, मी नाही जाणार, आईच येईल खाली, आठ दिवसांत एकदा तरी.
पेन टेबलावर ठेवून म्हणाला, "आईची चादर येईल खाली. आई नाही येणार."
फॉर्म खिशात घालून परत मशीनवर. टॉवेलांच्या घड्या चुकल्या. तीन गठ्ठ्यांच्या घड्या परत घातल्या.

११ मार्च
काही नाही.

१२ मार्च
आईला सांगून टाकलं, जहाजावर आपली भेट होणार नाही. वाटलं, रडेल. हसली!
"मग मी कशाला येत होते रे? पाणी बघायला? ते नळालाही येतं."
मागून बाबा — बघ, पाया लागतो म्हणालो होतो! ताई मात्र गप्प. जिंकून गप्प बसली म्हणजे तिलाही लागलं असणार.

१४ मार्च
मुकादमाने नव्या कराराचा कागद पुढे केला. आणखी नऊ महिने. मागच्या दोन वेळा न वाचताच सही ठोकली होती. या वेळी उद्या सांगतो म्हणालो. त्याने कागद उचलला. जाताना खांद्यावर हात ठेवला.

१५ मार्च
ताईला कळवलं, डोंगरावरचं घर दोघांचं नको, तिघांचं घे. सफरीसाठी ठेवलेले पैसे पाठवतोय — बावीस हजार पाचशे.