सातवा महिना आणि मोटारीचा हीटर

४ नोव्हेंबर १९४८, अमरावती
अकोल्याहून लेकीकडची दिवाळी आटोपून परत. बेबीला सातवा लागला. पहिले बाळंतपण माहेरी, तेव्हा तिला आणायचे. आठव्यात हलवत नाहीत, म्हणजे याच महिन्यात. व्याही शालिकराम म्हणाले, "थंडी पडून राह्यली, मोटारीत पोरीले वारा लागन. रेल्वेनं न्या." मी म्हणालो, माझ्या मोटारीत हीटर आहे. अकोल्यात कोणाकडेच नसावा. शब्द देऊन आलो: बेबी येईल ती हीटरच्या उबेत.
हीटर बंद आहे, ही गोष्ट निराळी. गोरा इंजिनियरसाहेब विलायतेला जाताना मोटार मला विकून गेला, तेव्हापासूनच बंद. एका रविवारचे काम.

७ नोव्हेंबर, रविवार
मोटारीखाली पडून सगळी सिस्टिम समजून घेतली. इंजिनचे गरम पाणी रबरी नळीने पायाजवळच्या डब्यात येते. मागे पंखा. तो गरम हवा फेकतो. पोरखेळ. नळी तेवढी कुजलेली. पाठ धरली.
पार्बती म्हणाली, "दुपारी आना नं पोरीले. दुपारी ऊन असते." बायकोला मशिनरीतले काय सांगावे?

११ नोव्हेंबर
नळी अमरावतीत मिळत नाही. मळ्यातल्या पंपाची कापून बसवली. पंप बंद, वांगी माना टाकून उभी. थोडा त्याग करावाच लागतो.

१५ नोव्हेंबर
गोवर्धन मिस्त्रीला आणले. कापसाच्या जिनातला बॉयलर त्याच्या हाताखाली असतो. डबा ठोकून म्हणाला, "हे तं बॉयलरचं पिल्लू हाये, मालक." आत विहिरीच्या पाण्याचा क्षार बसला आहे म्हणतो. उपाय चिंचेचे पाणी. घरातली वर्षाची चिंच कामी आली. वरणात चिंच नाही म्हणून पार्बतीने वाटी पुढ्यात आदळली.

२० नोव्हेंबर, सकाळ
हीटर सुरू!! प्रयत्नांती परमेश्वर. उद्या अकोला.

त्याच दिवशी, दुपारी
नळी निसटली. उकळते चिंचेचे पाणी डाव्या पायावर. गोवर्धन म्हणाला, "प्रेशर मात्र झकास हाये." पायाला कोरफड. उद्या अकोला नाही.

२४ नोव्हेंबर
अकोल्याहून बाजाराला आलेल्या माणसाबरोबर शालिकरामांचा निरोप: "कवा येता?" तयारी पूर्ण होत आली, असे कळवले. खोटे नाही. पाय सुजला आहे.

२८ नोव्हेंबर
पार्बती म्हणाली, "तुमी राहा त्या डब्याजवळ. मी जातो रेल्वेनं अन् पोरीले घेऊन येतो." मी साफ मनाई केली. शब्द मी दिला आहे. बेबी रेल्वेतून उतरली तर शालिकराम काय म्हणतील? ती म्हणाली, "शालिकरामजीले आनून राह्यले, का बेबीले?" मी पाना घेऊन मोटारीखाली शिरलो. थकलो.

५ डिसेंबर
बेबीला आठवा लागला. आता हलवता येत नाही. एका अर्थी बरे झाले, घाईघाईत काम बिघडते. नवव्यात निवांत आणू. पार्बती डिंकाचे लाडू करते आहे. करताना डोळे पुसत होती. धूर असावा.

१९ डिसेंबर
कडाक्याची थंडी. ट्रायल घेतली. इंजिन तापून बंद पडले, हीटर गारच. गोवर्धन म्हणाला, "गर्मी तयार होऊन राह्यली नं, आता फक्त इकडे आनाची." माणूस आशावादी आहे. मोटार बैलांनी ओढून घरी आणली. लोक हसले. लोकांना काय?

३ जानेवारी १९४९
अंग मोडून आले आहे. मोटारीखालच्या गार फरशीचा परिणाम. बेबी या महिन्यात यायलाच हवी. नवी नळी नागपूरहून मागवली. आली की निघालोच.

१२ जानेवारी
अकोल्याची तार. बेबीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. पोरीनेच घाई केली. पार्बती लाडवांचा डबा घेऊन दुपारच्या गाडीने गेली. मला विचारलेसुद्धा नाही. घर खायला उठते आहे. नळीही आजच आली.

२१ फेब्रुवारी, अकोला
सव्वा महिना झाला, नातीला आणि तिच्या आईला घ्यायला आलो. हीटर फर्स्ट क्लास! बंद करायचा कॉक तेवढा अडकला आहे, त्यामुळे मूर्तिजापूरपर्यंत सदरा घामाने ओलाचिंब. शालिकरामांनी डब्यापुढे हात धरला, म्हणाले, "हो बाप्पा, गरम हाये," आणि उपरण्याने वारा घेत सावलीत जाऊन बसले.
नात बेबीवर गेली आहे. मी म्हणालो, चल बेटा, मोटार तयार आहे. बेबी म्हणाली, "आता काहून येऊ बाबा? बाळंतपण तं झालं." मग म्हणाली, "दिवाळीपासून पेटी भरून ठेवली होती मी. हॉर्न वाजला का दारात येऊन पाहत होती."
फार वाईट वाटले.

२२ फेब्रुवारी, अमरावती
पार्बतीला घेऊन परत. काचा उघड्या, हीटर सुरू. बोरगावच्या पुढे मी म्हणालो, झाले ते झाले. आता सगळे दुरुस्त आहे, पुढच्या बाळंतपणाला बेबीला अशी उबेत आणतो की बस्स.
पार्बती बाहेर बघत म्हणाली, "पयलंच माहेरी असते. दुसरं सासरी."
मी एका हाताने कॉक पिळत राहिलो, तो काही हलला नाही.