जावेचं गार घर

४ मे

नेलं आईंना! "ऊन उतरेपर्यंत राहू दे आमच्याकडे," – इति थोरली जाऊ रचनाताई. परवा आईंना स्वयंपाकघरात भोवळ आली, बीपी वाढलं, मग काय, मला बोलायला तोंडच नाही. आमचं दिवा गावातलं घर वरच्या मजल्यावर, स्लॅब तव्यासारखा तापतो. पण सासूबाई इतकी वर्षं कुणाकडे होत्या? माझ्याकडे!

७ मे

रचनाताईंचं मानपाड्याचं घर जाऊन बघून आले. जळले नुसती.

घर गार ठेवायला अंगणात खोल बोअर मारून पाइप सोडलेत. तेच ते पाणी त्यात फिरत राहतं, पंप घरातली उष्णता त्या पाण्यात सोडतो आणि पाणी ती खाली जमिनीत टाकून येतं. ना घरघर, ना एसीसारखा बाहेर गरम हवा फेकणारा डबा. गल्लीतले लोक विचारतात, "बोअरला पाणी लागलं का?" रचनाताई हसून सांगतात, "पाण्यासाठी नाहीच मारली." आमच्याकडे टँकरसाठी भांडणं, आणि ह्यांची बोअर गारव्यासाठी!

आई चादर पांघरून बसलेल्या. मे महिन्यात चादर! मला पुसायला घामसुद्धा उरला नाही तिथे.

८ मे

पंखा गरम हवाच फिरवतोय. टँकर आला नाही. मेलं ते गार घर!

११ मे

आईंचा फोन! "गो दक्षता, जीव नाय रमत. खिरक्या सगल्या बंद. कसला वास नाय, कसला आवाज नाय. ने मना परत."

मी अक्षरशः नाचले. पण देवेश अडून बसला. "आईचं बीपी तिकडे ताब्यात आहे. ऊन उतरल्याशिवाय आणायचं नाही." नवरा बरोबर बोलतोय, म्हणून तर जास्त राग आला.

१२ मे

डोकं चाललं! रचनाताईच परत पाठवतील, असं केलं तर?

देवेश आईंना भेटायला निघाला, त्याच्या हाती सुक्या बोंबलांची पिशवी दिली. आईंना आवडतात, कुणाला शंका येणार? रचनाताई कल्याणच्या शाकाहारी घरातल्या, सुक्या मासळीचा वास आला की अजून नाक दाबतात. आणि त्या बंद घरात बोंबील भाजले की वास जाणार कुठे? पडद्यांत, गाद्यांत, सोफ्यात! हो, दुष्टपणा आहे. असू दे. माझी सासू मला परत हवी.

१४ मे

रचनाताईंचा फोन – "अगं, काय पाठवलंस हे! सगळे पडदे धुवायला काढलेत!" मी म्हटलं, "अय्या, हो का?" फोन ठेवून पोटभर हसले. आईंच्या पलंगावरची चादरही बदलून ठेवली.

१६ मे

आज आईंचा फोन. आवाजच वेगळा. काल म्हणे पुन्हा बोंबील भाजले. रचनाताईंनी गारव्याचं मशीन बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या, नाकाला ओढणी बांधून स्वतः बोंबील उलटले! वासावर शेजारीण आली, वाटी घेऊनच. तिघी गप्पा मारत बसल्या.

"आता कसा घरासारखा वाटतंय गो! तुझ्यामुलं झाला सगला."

माझ्यामुळे! रचनाताईंना बोंबील उलटता येतात? माझ्या वेळी तीन वर्षं आईंनी तव्याला हात लावू दिला नव्हता. आज जेवणच गेलं नाही.

१८ मे

आईंनी त्यांचा पाटा-वरवंटा मानपाड्याला मागवून घेतलाय, पावसाळ्यातही तिकडेच लागेल म्हणे. देवेश उद्या रिक्षाने नेऊन देणार.