पदराआडचा बिल्ला

प्रिय सुगत,

परवा फोनवर तू म्हणालास, "माझ्या फीपायी आईनं उन्हात डोळा घालवला. गुरुवारी तिच्या पाया पडून माफी मागणार." मी नुसता हं हं करत राहिलो. तेव्हापासून घास गोड लागत नाही. हे तोंडानं सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितोय.

काल तुझ्या आईला लातूरला डॉक्टरांकडे मीच पुन्हा नेलं. उजव्या डोळ्यात वाढलेलं मांस बुबुळावर आलंय. गुरुवारच्या ऑपरेशननंतर नजर किती येईल, ते आत्ता सांगता येत नाही म्हणाले. तरी परतताना मुरुडच्या स्टँडवर तिनं मला भजी खाऊ घातलीच. नांदेडच्या होस्टेलवर तुझ्या डब्यातली निम्मी भाकरी मीच खायचो. त्या मिठाला मी जागलो नाही रे.

तीन वर्षांपूर्वी मुरुडजवळच्या रस्त्यावर आई खडी पसरायला होती आणि मी रस्त्याच्या कंपनीचा नवा सेफ्टीवाला. उन्हातली अतिनील किरणं कुणाला किती लागतात, ते मोजायला कंपनीनं बिल्ले दिले होते. आठवडाभर दिवसा खांद्यावर, उघड्यावर लावायचे आणि संध्याकाळी परत द्यायचे. बायांना वाटताना मी वर शहाणपणा केला, "महागाचे हायत, जपा." झालं! आईनं बिल्ला पदराआड, पोलक्याला आतून लावला. तिचं बघून बाकीच्यांनीही. संध्याकाळी देताना म्हणाली, "उन्हानं खराब हुईल म्हून आत ठिवला, लेकरा." मला हसू आलं. नीट सांगू उद्या, म्हणालो. उद्या-परवा करत आठवडा गेला.

आकडा ऑफिसात बसणाऱ्यांपेक्षाही कमी आला. साहेब खूश. माझी नोकरी कच्ची. 'धोका नाही' लिहून मी सही ठोकली. मग ना दुपारची सुट्टी, ना मांडव, ना गॉगल. त्या सहीवर आईनं दोन उन्हाळे काढले. आकडा खोटा आहे हे मला तेव्हाच माहीत होतं, सुगत.

काल एसटीत तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तवाच सांगायचं व्हतं की रे. वर लावला असता." त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज खरं काय ते लिहून कंपनीला आणि कामगार कार्यालयाला पाठवलंय. प्रत सोबत आहे. नोकरी बहुतेक जाईल. गुरुवारी दवाखान्यात मी असेन, जवळ येऊ द्यायचं की नाही ते तू ठरव. पण आईची माफी तू मागू नकोस. ती मागायची पाळी माझी आहे.

अजून म्हणू दिलंस तर, तुझाच
अमरनाथ