गोंदाने चिकटवलेलं सॉकेट

धाकट्या,

तू कॉम्प्युटरला बसवलेला नवा कुलर मी आत्ता काढून बघितला. खाली प्रोसेसर वाकडा बसलाय, त्याच्या पिना आडव्या झाल्यात आणि सॉकेटचा कोपरा तुटलाय. तो तुकडा तू चक्क गोंदाने चिकटवलास! जुना कुलर सुकलेल्या पेस्टने घट्ट बसलेला असतो, तो हळूहळू फिरवत सोडवायचा असतो. तू मुळा उपटावा तसा उपटलास. असू दे. काम करणाऱ्याच्याच हातून मोडतं.

पण काल कॉम्प्युटर सुरू होईना म्हणून मी टेबलाखाली वाकून एकेक वायर तपासत होते, तेव्हा टॉर्च धरून कोण उभं होतं? वर साळसूदपणे विचारतोस, "ताई, पॉवर सप्लाय गेला असेल का गं?" आणि खरं सांगायच्या वेळी मिठाची गुळणी!

या घरात असं गप्प राहणं बाबांना जमायचं. ते घर सोडून गेलेत, हे आईला शेजारणीकडून कळलं. त्यांचं एवढं एक उचलू नकोस.

मी ऑफिसातच काम उरकते. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. आईला मध्ये घालायचं नाही. जेवण फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे.

संध्याकाळी टॉर्च मी धरीन. तू बोलायचंस.

ताई