थोरलीचा सांधा

प्रिय दादा,

पाकीट पाहून आधी तुझ्या मनात येईल की आईचं काही झालं. तसं काही नाही. गुडघे सोडले तर ती ठणठणीत आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तू ‘बरं, बरं’ करत मला दोन मिनिटांत गुंडाळतोस आणि हे दोन मिनिटांत मावणारं नाही.

आपल्या समुद्रकेंद्राचं नूतनीकरण सुरू झालंय, हे आईनं तुला सांगितलं असेलच. छताच्या सळ्या उघड्या पडून गळती एवढी वाढली होती की मी दोन वर्षं शाळांच्या सहली छत्री घेऊन फिरवल्या. मुलांना वाटायचं, छत्री हाही माहितीचाच भाग. आता तिकीटखिडकी गेली, समुद्रताऱ्यांना हात लावून बघायचा तो उथळ हौद फोडला, दारावरची रंग उडालेली पाटी उतरवली. यापुढे नुसते बघायला म्हणून मासे कोंडायचे नाहीत. जाळ्यात सापडून जखमी झालेली कासवं आणायची, बरी करायची, मुलांना ते काम काचेतून दाखवायचं आणि कासवं परत समुद्रात सोडायची, असं ठरलंय. मला पटलं. आपली तीन पायांची म्हातारी कासवीण मात्र राहणार, तिला बाहेर निभायचं नाही. तिला तात्पुरत्या हौदात हलवायला सहा माणसं लागली. मुकादम म्हणाला, ताई, एवढं जपून तर मला लग्नात पण कोणी घोड्यावर बसवलं नव्हतं.

कामावरची इंजिनिअर जेमतेम तिशीची आहे. जिभेला हाड नाही, पण कामाला चोख. जुन्या नकाशांवर तिचा काडीचा विश्वास नाही. म्हणते, नकाशा म्हणजे स्थळाची माहिती, ताई. खरं काय ते घरात गेल्यावर कळतं. म्हणून तिनं पंपघराची फरशी उखडायला लावली. तिथूनच पुढचं सगळं निघालं.

थोरली आणि धाकटीची गोष्ट मी आजही मुलांना बाबांच्या शब्दांत सांगते. समुद्रातून पाणी आणणाऱ्या दोन नळ्या, दोघी बहिणी. पंधरा दिवस एकीनं राबायचं, दुसरीनं तोंड बंद करून पडायचं, म्हणजे तिच्या आत चिकटलेले शिंपले हवेवाचून मरतात आणि नळी तुंबत नाही. पण पडून राहिलेलीचं पाणी सडतं. म्हणून तिला उठवलं की पहिला अर्धा तास तिचं काळं पाणी किनाऱ्यावर सोडून द्यायचं, मगच टाक्यांत घ्यायचं. नाहीतर मासे मेलेच. इथवर आलं की मुलं हमखास नाक धरतात. पुढचं मी त्यांना सांगत नाही.

पुढचं तुला माहीत आहे, तरी मला ते एकदा क्रमानं लिहायचं आहे. बाबा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि पंपघर तुझ्याकडे होतं. त्या सकाळी आठला तू थोरली उठवलीस. दहा वाजता मी एका शाळेची मुलं घेऊन मोठ्या टाकीसमोर गेले, तर सगळे मासे उलटे तरंगत होते. चौकशीत तू एकच सांगत राहिलास, की किनाऱ्याचा व्हॉल्व्ह मी उघडला होता, घड्याळ लावून अर्धा तास. चौकशी करणारे म्हणाले, मग टाकीत घाण पाणी काय उडत आलं? मला विचारलं, किनाऱ्यावर पाणी सोडलेलं पाहिलंत का? मी नाही म्हटलं. बाबा घरी सगळ्यांदेखत बोलले, की याला अर्धा तास मोजता येत नाही. चौथ्या दिवशी तू बॅग उचललीस. एकवीस वर्षांत आलास तो एकदाच, बाबा गेले तेव्हा, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. थोरली त्या दिवसापासून बंदच होती. तिला परत कोणी हात लावला नाही.

तर फरशीखाली काय निघालं ते सांगते. थोरलीपासून टाक्यांकडे जाणारी एक आडवी नळी निघाली. हाताएवढीच जाड, कुठल्याच नकाशात नसलेली. कधीतरी दुरुस्तीच्या घाईत कुणीतरी टाकून, मध्ये एक व्हॉल्व्ह बसवून, वर फरशी घालून मोकळं झालेलं. त्या व्हॉल्व्हची आतली चकती गंजून पडली होती, इंजिनिअर म्हणते, मासे मेले त्याच सुमारास. म्हणजे किनाऱ्याचं तोंड उघडं असलं तरी थोडं सडकं पाणी टाक्यांत जाणारच होतं. तू अर्धा तास मोज, नाहीतर अर्धा दिवस.

इंजिनिअर खड्ड्यात उतरून ओरडली, कुठल्या शहाण्यानं केलंय हे? मुकादम म्हणाला, मॅडम, शहाणे कधी मागे नाव ठेवतात का? मी वाकून पाहिलं. सांध्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली होती, तिच्यावर तांब्याची तार, आणि तारेचं टोक मागे वळवून ठोकून सपाट केलेलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. आपल्या न्हाणीघराचा नळ, आईच्या विळीची मूठ, माझ्या कंपासपेटीचं बिजागर, सगळं असंच बांधलेलं होतं ना रे? मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. बाबांना हे तेव्हा आठवलं होतं की नाही, मला खरंच माहीत नाही. आईनं एकदा सांगितलं होतं, की तू गेल्यावर ते केंद्राच्या फाटकापर्यंत गेले आणि तसेच परत आले.

इंजिनिअरच्या अहवालाची प्रत सोबत आहे. त्यात तू सुटलास. नुसता अहवाल पाठवला असता तर माझं कुणाला कळलंही नसतं. चार दिवस तो तसाच पाकिटात घालून ठेवला होता. पण त्या सकाळी साडेआठला मी किनाऱ्याच्या फाटकातून आत आले, तेव्हा सडक्या अंड्यांचा वास इतका होता की मी ओढणी नाकाला लावली. दादानं थोरली उठवली वाटतं, असं मनात म्हटलंही. चौकशीत विचारलं पाहिलंत का, आणि पाहिलं मी नव्हतंच. साहेबांनी आधीच बजावलं होतं, भावाची बाजू घेणार असाल तर उद्यापासून कामावर येऊ नका. तूच शब्द टाकून लावलेल्या नोकरीला तीन महिने झाले होते. शिवाय मेलेले मासे समोर होते आणि वास तर केव्हाच विरून गेला होता. तू मध्येच व्हॉल्व्ह बंद केला असशील, असं मी स्वतःला पटवलं. हे सगळं लिहून काल मी केंद्राच्या संचालकांनाही दिलं. आईला सांगायचं राहिलंय. तू आलास तर दोघं मिळून सांगू. नाही आलास तर येत्या रविवारी तिच्यासमोर बसून मी एकटी सांगेन, बाबांचंही आणि माझंही.

चुकली तरी तुझीच,
बारकी